जुन्या पोथ्यांची शाई हाताने करताना: काजळाची, लाखेची आणि हिरडा-हिराकसाची

मसीपात्र

मोडी दप्तरं आणि देवनागरी पोथ्या ज्या शायांनी लिहिल्या गेल्या, त्या आज घरी करता येतात. साहित्य काष्ठौषधीच्या दुकानात आणि शेतीसेवा केंद्रात मिळतं. तरी बहुतेकांची शाई पहिल्या खेपेला करडी, चिकट किंवा गुठळ्यांची होते. जुन्या कृतीत प्रमाण दिलेलं असतं, पण वस्तू कशी निवडायची आणि किती घोटायची हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. या धाग्यात तेवढंच भरून काढू.

आधी काजळाची शाई. गुजरातेतल्या जैन लेखकांकडे चालत आलेलं प्रमाण असं: काजळ १ भाग, बोळ १ भाग, डिंक २ भाग, आणि घोटायला माक्याचा रस. सगळं वजनाने. वाटीने मोजलंत तर पहिल्याच पायरीला चुकलात, कारण काजळ फार हलकं असतं. १० ग्रॅम काजळ म्हणजे वाटी शीग लावून भरते.

१० ग्रॅम काजळाला १० ग्रॅम हिराबोळ, २० ग्रॅम बाभळीचा डिंक आणि एकूण दीडशे मिलिलिटर पाणी किंवा रस घ्या. डिंक फोडून ४० मिली पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी कापडातून गाळा. साल, माती, काड्या वर राहतात. बोळ वेगळ्या भांड्यात ४० मिली कोमट पाण्यात भिजवा. त्यातला डिंकाचा भाग विरघळतो, राळेचा भाग विरघळत नाही. तोही गाळून घ्या, नाहीतर ती राळ बोरूच्या चिरेत अडकते.

आता महत्त्वाचं. काजळ पातळ पाण्यात टाकू नका. ते पाण्यावर तरंगतं आणि कितीही ढवळलं तरी भिजत नाही. खलात काजळ घ्या, डिंकाचा घट्ट पाक थेंबाथेंबाने घाला आणि घट्ट गोळा होईल इतपतच ओलं ठेवून रगडा. गोळा घट्ट असतानाच काजळाच्या गुठळ्या फुटतात. पातळ झाल्यावर बत्ता नुसता फिरतो, गुठळ्या तशाच राहतात. दोन-तीन तास घट्ट गोळ्यावर, मग थोडं थोडं बोळाचं पाणी घालून आणखी तितकेच तास, आणि शेवटी माक्याचा रस. जुन्या कृतींत घोटायला दिवसच्या दिवस सांगितले आहेत, ती अतिशयोक्ती नाही.

शिरोरेषा

उत्तम सुरुवात. बोळाबद्दल एक सावधगिरी. दुकानात नुसतं ‘बोळ’ म्हटलं की पुष्कळदा काळाबोळ हातात देतात. तो कोरफडीचा आटवलेला रस असतो, काळा आणि काचेसारखा फुटणारा. तो शाईत घातला की शाई काळी दिसते खरी, पण हवेतलं पाणी ओढते आणि अक्षर दमटच राहतं. आपल्याला हवा तो हिराबोळ: तांबूस-पिवळे खडे, तोडल्यावर आत तेलकट चमक, कडवट सुवास. त्यातल्या सुगंधी तेलामुळे शाईला बुरशीही उशिरा धरते.

डिंकाचंही तसंच. ‘लाडवाचा डिंक’ म्हणून जो मिळतो तो बाभळीचा असेल, धावड्याचा असेल किंवा मिसळही असेल. धावड्याचा डिंक पूर्ण विरघळत नाही आणि शाई तारदार होते. कांडोळाचा तर पाण्यात फुगून जेली होतो, शाईला निरुपयोगी. विकत घ्यायच्या आधी दोन खडे मागून आणा, पेल्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी एकसारखं दाटसर आणि तळ मोकळा असेल तर घ्या. फुगलेले गोळे दिसले तर नको.

बाभळीचा डिंक काळपट असतो म्हणून काही जण टाळतात. काळ्या शाईत त्या रंगाने काय बिघडणार?

पाणकळा

काजळ स्वतः धरायचं का? बाजारात ‘लॅम्प ब्लॅक’ नावाने पूड मिळते, ती चालेल का?

तिळाच्या तेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरली तर काजळ तेलकट येतं. पाण्यात टाकलं की वर तवंग दिसतो आणि अक्षर सुकल्यावर बोटाला लागतं.

मसीपात्र

पूड चालते, फक्त रंगाच्या दुकानातली घेताना ती सुकी आणि काही न मिसळलेली आहे याची खात्री करा. सिमेंटमध्ये घालायचा काळा रंग घेऊ नका, तो लोखंडाचा ऑक्साइड असतो, काजळ नव्हे. दाणा जड असतो आणि बाटलीच्या तळाशी बसतो.

स्वतः धरायचं तर वाटीची उंची सर्वांत महत्त्वाची. वाटी ज्योतीत फार खाली आली तर तेल अर्धवट जळतं आणि त्याची वाफ काजळासकट वाटीला चिकटते. तुम्हाला तेलकट काजळ येतंय ते त्यामुळेच. फार वर नेली तर काजळ हवेत जळून जातं, हाती काही लागत नाही. ज्योतीचं वरचं टोक वाटीला नुसतं टेकेल एवढी उंची ठेवा. वारा अजिबात नको, तीन बाजूंनी विटा लावा. वाटी तापली की बदला, दोन-तीन वाट्या आलटून पालटून वापरा. काजळ कोरड्या पिसाने किंवा मऊ कुंच्याने कागदावर उतरवा, खरवडू नका. खरवडलं की वाटीला घट्ट बसलेला तेलकट थरही सोबत येतो.

वात जितकी बारीक तितकं काजळ बारीक पण कमी. जाड वातीचं काजळ भराभर जमतं, त्याचा दाणा मोठा. जपानमधल्या नारा शहरात सुमी शाईसाठी तेलाचं काजळ धरतात तिथे हेच तत्त्व पाळतात: उत्तम प्रतीसाठी बारीक वात, आणि वरची मातीची झाकणं ठरावीक वेळाने फिरवत राहायची, म्हणजे एकाच जागी थर साचून भाजत नाही. शाई पाण्याने खूप पातळ करून कागदावर पसरलीत तर फरक दिसतो: बारीक दाण्याला तपकिरी झाक, मोठ्याला निळसर.

कापूर जाळला तर काजळ झपाट्याने मिळतं, पण त्याची ज्योत मोठी आणि बेभरवशाची. घराबाहेर, थोडा थोडा जाळा. केरोसीनचं काजळ भरपूर येतं, तेलकटही तितकंच येतं, आणि वास शेवटपर्यंत जात नाही.

रसशाळा

तेलकटपणा काढायला रसशास्त्रातली संपुटाची पद्धत इथे अगदी योग्य बसते. भस्मासाठी जे शरावसंपुट करतात तेच.

दोन सारख्या तोंडाच्या मातीच्या पणत्या किंवा परळ घ्या. कडा दगडावर पाण्याने घासून सपाट करा, एकमेकींवर ठेवल्या की फट दिसता कामा नये. खालच्या परळात काजळ दाबून, काठोकाठ भरा. आत हवा जितकी कमी तितकं बरं. वरचा परळ उपडा ठेवा आणि सांध्यावर कापडमाती करा: सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी चिकणमातीच्या राबडीत भिजवून गुंडाळायची, सुकू द्यायची, मग दुसरी. असे चार-पाच थर. प्रत्येक थर सावलीत पूर्ण वाळला पाहिजे. घाई करून उन्हात वाळवलं तर भेगा पडतात, भेगेतून हवा जाते आणि आतलं काजळ जळून राख होतं.

मग गोवऱ्यांत ठेवून आच द्या. या आकाराला आठ-दहा गोवऱ्या पुष्कळ झाल्या. तेलाचा अंश वाफ होऊन मातीच्या अंगातून निघून जातो. आता सर्वांत जपायची गोष्ट: संपुट पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. रात्रभर तसंच राहू दे. कोमट वाटलं तरी आतलं काजळ धुमसू शकतं, हवा लागली की लाल होतं आणि डोळ्यांदेखत संपतं.

निघालेलं काजळ कोरडं, भुसभुशीत आणि आवाज न करणारं असतं. बोटांत चोळल्यावर करकर लागली तर माती किंवा राख मिसळली आहे. तुर्कस्तानातले लेखक काजळ कणकेत भरून भट्टीत भाजत असत. तत्त्व तेच: हवा अडवायची आणि तेल बाहेर काढायचं. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत (१५५७) हजारो दिव्यांचं काजळ वाऱ्याच्या झोताने दरवाज्यावरच्या छोट्या खोलीत जमेल अशी रचना होती. ते काजळ शाईलाच जात असे.

काजळाशी काम करताना तोंडाला चांगला मास्क आणि हातात मोजे हवेतच. दिव्याच्या काजळात कर्करोगकारक तेलकट द्रव्यं असतात. जुन्या लोकांनी वापरलं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

पाणकळा

हे फार उपयोगी आहे. माक्याच्या रसाचं नक्की काम काय? केसांच्या तेलात घालतात म्हणून काळं करायला असेल, असा समज आहे.

रसशाळा

काळेपणा काजळाचाच. माक्यात सॅपोनिन वर्गातली द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे पाणी काजळाच्या कणाला धरतं, कण सुटे राहतात. रिठ्याच्या पाण्यानेही हे साधतं, पण फेस फार होतो आणि बोरूतून बुडबुडे उतरतात. माका ताजा घ्या, ठेचून पिळा, गाळा आणि त्याच दिवशी वापरा. शिळा रस आंबतो.

शिरोरेषा

झालेली शाई तपासायचे तीन सोपे मार्ग. पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात एक थेंब सोडा. धुरासारखा पसरून तरंगत राहिला तर घोटाई झाली. कण कण होऊन तळाला गेले तर परत खलात. दुसरं, टिपकागदावर थेंब टाका. मध्ये काळा ठिपका आणि भोवती स्वच्छ पाण्याचं कडं उमटलं तर डिंक आणि काजळ वेगळे राहिले आहेत. तिसरं, लिहून एक दिवस वाळू द्या आणि कोरडं बोट फिरवा. काळं लागलं तर डिंक कमी. कागद दुमडल्यावर अक्षराला तडा गेला, टवका उडाला, तर डिंक जास्त.

दोन भाग डिंक हे प्रमाण कोरड्या हवेचं आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात त्या प्रमाणाने पानं एकमेकांना चिकटतात. दीड भागावर आणा आणि मध किंवा साखर अजिबात घालू नका. त्या गोष्टी शाई लवचीक करायला सांगितल्या जातात, पण दमट हवेत त्यांच्यामुळेच अक्षर ओलं राहतं.

घोटीव

कागदाचा विषय आला नाही अजून, म्हणून लिहितो. शाई कितीही चांगली असली तरी आजच्या साध्या हातकागदावर ती फुटते. कारण त्यावर खळ नसते, किंवा असली तरी घोटलेली नसते. जुन्नर आणि दौलताबादेजवळचं कागजीपुरा ही आपल्याकडची जुनी कागदाची ठिकाणं. तिथल्या जुन्या कागदावर पिठाची खळ देऊन वर गुळगुळीत दगडाने घोटाई केलेली असे.

घरी करायचं तर १० ग्रॅम तांदळाचं पीठ २५० मिली पाण्यात गार असताना कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, फडक्यातून गाळा. कोमट असताना रुंद मऊ कुंच्याने एकाच दिशेने पातळ हात द्या, दोरीवर वाळवा, मग उलट्या बाजूला. दोन हात पुरतात. कागद अगदी कोरडा होण्याच्या किंचित आधी, जरा गारवा असताना, गुळगुळीत लाकडी फळीवर ठेवून अकीकाने (गुळगुळीत दगडाने) घोटा. पूर्ण कोरड्यावर घोटलं तर पांढरी पूड सुटते, ओल्यावर घोटलं तर कागद सोलतो.

खळीत तुरटी घालू नका. तुरटीने बुरशी लांबते, पण कागद आंबट होतो आणि वर्षांनी ठिसूळ पडतो. किडीपासून संरक्षणासाठी जुन्या काळी हरताळ वापरत. तो आर्सेनिकचा सल्फाइड आहे, घरात आणायचा नाही.

घोटलेल्या कागदाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. काजळाची शाई तंतूंत शिरत नाही, वरच बसते. ओल्या फडक्याने ती पुसली जाते. लेखनिकाला चूक दुरुस्त करायला हे सोयीचं, पण दस्तऐवजाला धोक्याचं.

शिरोरेषा

म्हणूनच ‘पक्की’ शाई. प्राचीन लिपींचे अभ्यासक गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी राजपुतान्यातली जी कृती नोंदवली ती लाखेची: पिंपळावरची लाख मातीच्या भांड्यात पाण्यात उकळायची, टाकणखार आणि लोध्र घालायचं, कागदावर लाल रेघ उमटू लागली की उतरवून गाळायचं. मग तिळाच्या तेलाच्या काजळाची पुरचुंडी त्या पाण्यात फिरवत राहायची, रेघ काळी येईपर्यंत.

आजचं प्रमाण देते. काडीलाख किंवा दाणेलाख २० ग्रॅम, टाकणखार ५ ग्रॅम, लोध्राच्या सालीची पूड २ ग्रॅम, पाणी २०० मिली, काजळ ८ ते १० ग्रॅम. लाखेत काड्या फार असतील तर निवडून मग वजन करा.

टाकणखार आधी गरम पाण्यात विरघळवा. पाणी उकळतं नको, वाफा येत असाव्यात. मग लाखेची बारीक पूड चिमटीचिमटीने भुरभुरवा आणि ढवळत राहा. सगळी एकदम टाकली तर ती वितळून गोळा होते, गोळ्याच्या आत खार पोहोचत नाही आणि मग तास गेले तरी विरघळत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी गडद जांभळट-लाल होतं. गरम असतानाच गाळा. वर जो दुधट तवंग राहतो तो लाखेतलं मेण, गार झाल्यावर काढून टाका.

भांडं मातीचं, स्टीलचं किंवा मुलामा दिलेलं. ॲल्युमिनियमचं नको, खाराने ते खायला लागतं. लोखंडाचंही नको, लाखेचा लाल रंग त्यात मळतो.

पुरचुंडीची पद्धत आजही उत्तम. मलमलीच्या दुपदरी कापडात काजळ बांधून द्रवात चेपत राहिलं की बारीक कण तेवढे बाहेर येतात, जाड आत राहतात आणि काजळ हवेत उडत नाही. लाखेचं खारट पाणी काजळाला डिंकापेक्षा सहज भिजवतं, त्यामुळे घोटाई निम्म्याने कमी लागते. वाळल्यावर लाख पाण्यात सुटत नाही.

पाणकळा

लोध्र कशासाठी? ते वगळून केलं तर शाईच्या काळेपणात फरक दिसत नाही.

रसशाळा

काजळ भरपूर असेल तर दिसणार नाही. लोध्राचं झाड जमिनीतलं ॲल्युमिनियम सालीत आणि पानांत साठवतं. रंगारी म्हणूनच ते तुरटीच्या जागी वापरत आले. ते लाखेच्या लाल रंगाला धरून ठेवतं. जुन्या कृतीत तो लाल रंगही शाईचा भाग होता, आधी अळता आणि मग त्याच्यात काजळ. तुरटी घालून तेच साधू असं मात्र कोणी करू नका. तुरटी आंबट आहे, तिने टाकणखाराने विरघळवलेली लाख फाटते आणि भांड्यात चोथा उरतो.

याच कारणाने लाखेची शाई आणि हिराकसाची (फेरस सल्फेटची) शाई एका दौतीत कधीही मिसळू नका. दौतही धुऊन मगच बदला.

सह्यवासी

हिराकसाचा विषय निघाला, तर हिरड्याचं सविस्तर सांगतो. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात भरपूर, आणि जुन्नरचा कागद त्याच मुलखातला.

या शाईचं शास्त्र असं. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि हिराकसातलं लोखंड मिळून सुरुवातीला फिकट, जवळजवळ रंगहीन संयुग होतं. ते पाण्यात विरघळलेलं असतं म्हणून तंतूंत शिरतं. हवेतला प्राणवायू लागला की तंतूंतच काळं आणि न विरघळणारं होतं. लिहिताना करडी आणि दुसऱ्या दिवशी काळी, हे तिचं लक्षण. बाटलीतच गडद काळी झाली असेल तर हवा आधीच लागली आहे, ती कागदात न शिरता वर बसणार.

प्रमाण: सुक्या हिरड्याचा बिया काढलेला गर ५० ग्रॅम, हिराकस १० ग्रॅम, डिंक १० ग्रॅम, पाणी ५०० मिली. टॅनिन गरात असतं, बीत नाही, म्हणून वजन बी काढल्यावरचं. हिरडा जाडसर कुटा, रात्रभर भिजवा, मंद आचेवर २५० मिली उरेपर्यंत आटवा. कापडातून गाळून दोन दिवस झाकून ठेवा. तळाला पिवळट गाळ बसतो, तो हिरड्यातल्या टॅनिनमधून सुटणारं एलॅजिक आम्ल. वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्या, ढवळू नका. त्यात डिंक विरघळवा. हिराकस ३० मिली गार पाण्यात वेगळं विरघळवून सर्वांत शेवटी घाला.

मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) वापरत असाल तर ५० ऐवजी ३० ग्रॅम पुरे, त्यात टॅनिन जास्त आणि गाळ कमी.

पाणी बोअरचं नको. दख्खनच्या जड पाण्यात लोखंड आधीच तांबूस गाळ होऊन बसतं. पावसाचं, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या. बॅटरीचं आम्लही तशाच डब्यात मिळतं, डब्यावरचं नाव वाचून घ्या.

पाणकळा

हिराकस घातल्यावर पाच मिनिटांत सगळी शाई दह्यासारखी घट्ट होते, याचं कारण?

सह्यवासी

हिराकस जुना आहे. ताजे खडे फिकट हिरवे, काचेसारखे असतात. हवेत राहिले की वर पिवळा-तपकिरी थर येतो. त्या थरातलं लोखंड प्राणवायू लागून आधीच फेरिक झालेलं असतं, आणि फेरिक लोखंड डिंकाला गोठवतं. खडे थोड्या गार पाण्यात झटकन खळबळून पिवळं पाणी टाकून द्या, उरलेले हिरवे खडे टिपून वजन करा. शेतीसेवा केंद्रात फेरस सल्फेट १९ टक्के लोखंडाचं म्हणून मिळतं. तेही चालतं, फक्त पिवळी पडलेली पिशवी घेऊ नका.

काजळाच्या डिंकाच्या शाईत टिकण्यासाठी टाकणखार घालणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, टाकणखारानेही डिंक गोठतो. टिकवायला दोन-तीन लवंगा टाका, तेवढ्याने भागतं.

हिराकस लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलेलं लोखंड विष आहे.

मसीपात्र

इथे फारसी परंपरेतलं एक पद्य आठवतं. त्याचा अर्थ असा: काजळाइतकंच ज़ाग, दोघांच्या बरोबरीने मायफळ, तिघांच्या बरोबरीने डिंक, आणि मग मनगटाचा जोर. म्हणजे १ : १ : २ : ४. दख्खनच्या सुलतानी दप्तरांत फारसी लेखन होतं, तेव्हा ही मिश्र शाई आपल्या भागालाही परकी नाही. काजळाने लगेच काळेपणा येतो आणि लोखंड-टॅनिनने पक्केपणा.

सह्यवासी

पद्य सुंदर आहे, पण जसंच्या तसं घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज़ाग म्हणजे हिराकस धरला तर मायफळ आणि हिराकस २ : १ होतात. टॅनिन हिराकसाच्या वजनाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असेल तर सगळं लोखंड बांधलं जातं. मायफळात निम्मं किंवा थोडं अधिक टॅनिन धरा, म्हणजे ३ : १ लागतं. २ : १ ने मोकळं फेरस लोखंड उरतं आणि ते कागदाच्या तंतूंना वर्षानुवर्षं खात राहतं. पाठीमागून तपकिरी कड उमटलेली, मग अक्षराच्या आकाराची भोकं पडलेली पानं जी दिसतात ती याच दोषाची.

तपासायचं तर बॅथोफेनॅन्थ्रोलिनचा कागद शुद्ध पाण्याने जेमतेम ओला करून लिखाणावर अर्धा मिनिट दाबतात. तो गुलाबी-किरमिजी झाला तर मोकळं लोखंड आहे. नव्या शाईच्या नमुन्यावर हे जरूर करा. वारशाच्या कागदावर मात्र संवर्धकाशिवाय थेंबभर पाणीही नको.

रसशाळा

काही लेखक ज़ाग म्हणजे तुरटी घेतात. तसं केलं तर मायफळाचा रंग पिवळट-तपकिरीच राहतो, काळेपणा सगळा काजळाचा. पक्केपणा येत नाही, आंबटपणा मात्र येतो. त्या अर्थाने करण्यात लाभ दिसत नाही. काजळ १, हिराकस १, मायफळ ३, डिंक ४ असं करा. मायफळाचा काढा आणि डिंक यांतच काजळ घोटून घ्या, हिराकस शेवटी.

भांड्याबद्दल एक. काजळाच्या शाईसाठी तांब्याची कढई आणि तांब्याची टोपी बसवलेला कडुनिंबाचा बत्ता जुन्या वर्णनांत येतो, आणि तिथे तो योग्य आहे. टॅनिन-हिराकसाच्या शाईला तांबं लागू देऊ नका. शाई आंबट असल्याने तांबं विरघळून तिच्यात उतरतं आणि कागदाचं कुजणं अनेक पटींनी वाढवतं. तिला खल दगडी किंवा चिनी मातीचा.

घोटीव

कागदाच्या बाजूने विचार केला तर गंधकाम्लाचा प्रश्न उरतोच. प्रमाण बरोबर असलं तरी हिराकसातून सुटलेलं गंधकाम्ल कागदात राहणार. मछलीपट्टण आणि श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर काळ्या रंगाला हिराकस न घेता लोखंड आणि गूळ आंबवून पाणी करतात. कागदाला ते सौम्य पडेल का?

सह्यवासी

पडेल. त्यात लोखंड मुख्यतः ॲसिटेटच्या रूपात असतं. सुटणारं आम्ल म्हणजे शिरका, तो उडून जातो. गंधकाम्ल उडत नाही. अर्धा किलो लोखंडाचे तुकडे, दीडशे ग्रॅम गूळ, तीन लिटर पाणी, दोन ते तीन आठवडे. तुकडे आधी आगीत भाजून तेल-रंग जाळा, गंज घासून काढा. जस्ताचा मुलामा असलेले खिळे-पत्रे नकोत. भांडं मातीचं, तोंडाला कापड. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो. सुरुवातीला फेस, मग आंबूस वास, शेवटी फेस बसतो आणि पाणी तपकिरी-काळपट होतं, तेव्हा गाळा.

अडचण प्रमाणाची. या पाण्यात लोखंड किती हे दर वेळी बदलतं, त्यामुळे वजनाने ठरवता येत नाही. हिरड्याच्या काढ्याचे सारखे पाच भाग करून त्यांत लोखंडाचं पाणी वाढत्या मापाने घाला. पाचही नमुने कागदावर ओढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ज्या मापानंतर काळेपणा वाढायचा थांबतो, त्याच्या एक पायरी अलीकडचं घ्या. उरलेल्या गुळाने अक्षर चिकट राहत असेल तर आंबवणं अपुरं झालं आहे, आणखी आठवडा द्या.

पाणकळा

शेवटचा प्रश्न. तिन्हींपैकी कोणती कशाने लिहायची? स्टीलचा टाक आणि फाउंटन पेन चालेल का?

शिरोरेषा

फाउंटन पेनात यातली एकही नको. काजळ आणि लाख आतली वाट कायमची बंद करतात. हिराकसाची शाई स्टीलच्या टाकाला गंज चढवते, म्हणून तिला बोरूच. काजळाची शाई टाकाने लिहिता येते, दर ओळीला टाक पुसावा लागतो.

मोडीला शाईचा ओघ जास्त लागतो. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं जोडत जायची, त्यात शाई मध्येच तुटली की ओळ बिघडते. तिच्यासाठी काजळाची शाई १० मिलीला १ मिली पाणी या हिशोबाने पातळ करा आणि बोरूची मधली चीर थोडी लांब ठेवा. पोथीच्या देवनागरीला घट्ट शाई आणि आखूड चीर, म्हणजे अक्षराची धार स्वच्छ येते. लाखेची शाई बोरूत वाळली तर पाण्याने निघत नाही. गरम पाण्यात चिमूटभर टाकणखार घालून त्यात टोक पाच मिनिटं बुडवून ठेवा, मग पुसा.